माई हॉलमध्ये येत नसत

कपडे भिजवायला बसले होते, तेवढ्यात मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. मी तांब्या खाली ठेवून पाहत राहिले. घशात काही अडकलेल्या माणसानं खाकरावं तसा आवाज झाला आणि काळपट पाणी जाळीवाटे वर येऊन माझ्या पायांशी पसरलं. वासानं डोकं भणभणलं.

"माई, मोरी उलटतेय!" मी ओरडले.

सासूबाई स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होत्या. ताट हातात घेऊनच त्या दाराशी आल्या. पाण्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"कुठून आलं? हॉलच्या बाजूनं?" त्यांनी विचारलं.

प्रश्न मला विचित्र वाटला, पण तेव्हा त्यावर विचार करायला सवड नव्हती. लग्नानंतरचा माझा पहिला श्रावण होता आणि दुसऱ्या दिवशी मंगळागौर. गावातल्या, माहेरच्या, सासरच्या मिळून चाळीसएक बायका यायच्या होत्या. माझा नवरा हृषीकेश नोकरीला पुण्यात, तो शनिवार-रविवारी यायचा. एरवी कराडच्या त्या घरात मी, माई आणि आण्णा असे तिघंच.

आण्णा म्हणजे माझे सासरे, भालचंद्र पाटणकर. एका खासगी कारखान्यात व्यवस्थापक म्हणून उभी हयात गेलेली. बोलणं मोजकं आणि शेवटचं. घर त्यांनीच उभं राहून बांधून घेतलेलं, आणि मागाहून वाढवलेला पुढचा हॉल तर त्यांचा जीव की प्राण. आमच्या वसाहतीत एवढा हॉल कुणाकडे नव्हता. वाढदिवस, बारशी, भिशी, शेजारपाजारचे लोकही हक्कानं मागून घ्यायचे.

फक्त माई त्या हॉलमध्ये येत नसत. सुरुवातीला मला वाटलं, जुन्या वळणाच्या आहेत, पुरुषमाणसांच्या बैठकीत येणं आवडत नसेल. पण घरात कुणी नसतानाही त्या उंबऱ्यापाशीच थांबायच्या. चहाचा ट्रे माझ्या हातात द्यायच्या, केर मलाच काढायला सांगायच्या. फाटकाशी भाजीवाला आला तर मागच्या दारानं निघून, अख्ख्या घराला वळसा घालून जायच्या. एकदा मी हसत विचारलंही. "सवय," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा मिटला की मी पुन्हा विचारलं नाही.

आण्णांनी नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. त्यानं लोखंडी सळ्या घालून पाहिल्या, काही अंतरावर त्या अडकून बसल्या. पुढेही जाईनात, मागेही येईनात. मोठ्या खटपटीनं बाहेर काढल्यावर तो म्हणाला, "साहेब, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. सांगलीच्या शाहीनताई आज इथंच एका अपार्टमेंटचं काम करतायत. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, पाइपात सोडायचा. बोलावू?"

"कॅमेरा कशाला? तुंबलंय ते काढा आणि जा."

"उद्या एवढी माणसं येणार म्हणताय..."

आण्णांचा नाइलाज झाला.

शाहीन मुजावर दुपारी आली. माझ्याच वयाची, पायात गमबूट, सोबत मोठा भाऊ अल्ताफ. तिनं अंगणाला एक फेरी मारली आणि आण्णांना विचारलं, "काका, चेंबर किती आहेत?"

"एक. फाटकापाशी."

"मागच्या मोरीपासून फाटकापर्यंत मध्ये एकही नाही? गावात गटार योजना यायच्या आधीची सेप्टिक टाकी असेल ना कुठंतरी? तुमचं घर जुनं आहे."

"बुजवली ती. केव्हाच."

"कुठल्या बाजूला होती?"

"बुजवली म्हटलं ना! तुम्ही तुमचं काम करा."

आण्णा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. मी मागे मोरीपाशी थांबले. अल्ताफनं आधी पाण्याचा जोरदार फवारा सोडून तुंबलेलं मोकळं केलं, मग केबल सोडायला लागला. शाहीनच्या हातात छोटा स्क्रीन होता. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. आधी पिवळसर बोगदा दिसला, मग झाडांच्या मुळ्यांचा झुबका, चिंध्या. पुढे बोगद्याचा एक काठ दातेरी तुटलेला दिसला आणि एकदम सगळा स्क्रीन काळा झाला.

"बंद पडला का?" मी विचारलं.

"नाही वहिनी, पाइप संपला. कॅमेरा लोंबकळतोय." तिनं दिवा वाढवला. "अल्ताफभाई, जरा फिरव."

अंधार हळूहळू उजळला. खाली पाणी होतं, काळं, जराही न हलणारं. कॅमेरा वर वळला. वर सिमेंटचं छत होतं, पण त्याचे पोपडे सुटलेले, आणि आतल्या सळया गंजून, फुगून, तुटून खाली लोंबत होत्या. शाहीननं केबलीवरचा आकडा पाहिला, मान वळवून घराकडे पाहिलं आणि मनाशी काहीतरी जुळवलं.

"हे तुमच्या हॉलखाली आहे," ती हळूच म्हणाली. "बुजवलेली नाहीये टाकी. नवा पाइप नुसता टाकीतून आरपार नेलाय. तो तुटला आणि सगळं परत आत साठतंय."

तेवढ्यात घरात फोन वाजला. आण्णा व्हरांड्यातून उठून फोन घ्यायला हॉलमधून चालत गेले असावेत, कारण स्क्रीनवर छताची भुकटी भुरभुरली. काळ्या पाण्यावर ठिपके उमटले. थांबले. पुन्हा भुकटी, पुन्हा ठिपके. एकेका पावलाला एकेकदा.

शाहीननं माझ्याकडे पाहिलं. "वर कोण चालतंय?"

"सासरे."

"एकटे?"

"हो."

ती स्क्रीन घेऊन तशीच आण्णांकडे गेली. मी मागोमाग. आण्णांनी स्क्रीनकडे ओझरतं पाहिलं आणि हातानं बाजूला केलं.

"तात्पुरतं पाणी जाईल असं करा. बाकीचं सणानंतर बघू."

"काका, पाण्याचा प्रश्नच नाही. हा स्लॅब आतल्या गॅसनं खाल्लाय. ह्यावर कुणी उभं राहायला नको. फरशी उघडून, टाकी उपसून भरून घ्यायला हवी."

"ती फरशी उघडली जाणार नाही."

"पण..."

"मी जिवंत आहे तोवर नाही. कळलं?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली. शाहीननं सामान आवरलं. फाटकाशी तिनं माझ्या मोबाइलवर स्वतःचा नंबर टाकला. "उद्या काय आहे तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

"मंगळागौर. माझी."

"म्हणजे बायका नाचणार?"

मी मान हलवली. "हॉलमध्ये?" असं तिनं विचारलंच नाही. "वहिनी, काहीही करा, पण ते होऊ देऊ नका," एवढं म्हणून ती गेली.

मी स्वयंपाकघरात येऊन माईंना सगळं सांगितलं. त्या पाठमोऱ्या होत्या. टाकीचा उल्लेख येताच त्यांचा हात थांबला.

"कॅमेऱ्यात आणखी काय दिसलं?"

"पाणी. काळं पाणी. आणि तुटकं छत."

"आणखी?"

"आणखी काय असणार, माई?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू माझ्या डोळ्यांतून त्यांनाच आत डोकवायचं होतं. मग ओट्याचा कोपरा धरून खाली बसल्या. "देवळाच्या सभामंडपात करू म्हणत होते मी," त्या पुटपुटल्या. "पहिल्यापासून म्हणत होते. ऐकलं का कुणी?"

"मग आता सांगा ना आण्णांना."

"मी सांगून त्यांनी काय ऐकलंय आजवर?"

मी हृषीकेशला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. "अगं, घर आण्णांनी बांधलंय, त्यांना माहीत नसेल का? त्या कॅमेरावाल्यांना काम हवं असतं," म्हणाला आणि फोन ठेवला. मी परत आण्णांकडे गेले. शेजारच्यांच्या गच्चीत मांडव घालू या का, असं चाचरत विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"सुकन्या, तुला या घरात येऊन किती दिवस झाले? मला उभी हयात झाली."

मी परत स्वयंपाकघरात आले.

मंगळवारी सकाळी पूजा मी हट्टानं देवघरात मांडायला लावली. जागा कमी म्हणून चार जणी कुरकुरल्या, पण निभावलं. पत्री वाहताना माझं लक्ष हॉलकडे होतं. कुणी एकटंदुकटं जाऊन येत होतं, मी त्यांची पावलं मोजत होते. जेवणं झाली तशी मी मागे जाऊन शाहीनला फोन लावला. "निघालेच. कुणाला आत उभं राहू देऊ नका," ती म्हणाली.

पण दुपार कलताच खेळ शिकवणाऱ्या बायकांचा गट आला. काष्टा मारलेल्या, नाकात नथी, हसत-खिदळत त्या थेट हॉलमध्ये शिरल्या. आण्णांनी सतरंज्या गुंडाळून ठेवायला सांगितल्या होत्या, फरशी लखलखत होती. व्हरांड्यात उभे राहून ते सगळ्यांना आत या, आत या म्हणत होते.

मी हॉलच्या दारात बसकण मारली.

"हे काय, नवरीबाई? उठा!" एकजण म्हणाली.

"मी खेळणार नाही. कुणीच खेळू नका. बाहेर अंगणात चला."

"अगं, अंगणात चिखल आहे!"

"खालची जमीन पोकळ आहे. मी पाहिलंय. खरंच सांगते, बाहेर या."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, पहिल्या मंगळागौरीला असं अभद्र बोलू नये. माझी आई गर्दीतून माझ्यापाशी आली, माझं कपाळ चाचपून म्हणाली, "दगदगीनं चक्कर आलीय पोरीला." आणि तिकडे दोघींनी हात गुंफून फुगडी धरलीदेखील.

पहिल्या गिरकीला मला तो आवाज आला. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. इतरांना ऐकू आला की नाही, ठाऊक नाही. टाळ्या आणि गाणं चालू होतं. मी किंचाळले. आण्णा माझ्याकडे झेपावले, दंड धरून मला उठवायला लागले. "तमाशा बंद कर."

"सोडा तिला."

आवाज माईंचा होता. त्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. गाणं आपोआप थांबलं.

"बायांनो, ऐका. तुमच्या पायाखाली संडासाची टाकी आहे. त्या टाकीत धर्मा गेला. धर्मा, आपल्याकडे टाक्या उपसायला यायचा तो. ह्याच जागेवर. मी बघत होते."

"माई!" आण्णा ओरडले.

"तो म्हणत होता, झाकण काढून थोडा वेळ राहू द्या, वाफ जाऊ द्या. ह्यांच्याकडे साहेब जेवायला यायचे होते. हे म्हणाले, आत्ताच्या आत्ता उतर. तो उतरला आणि वर आलाच नाही. त्याचं प्रेत ह्यांनी आणि घराच्या कंत्राटदारानं जीपमध्ये घालून कोयनेच्या काठी नेऊन टाकलं. गावात सांगितलं, दारू पिऊन बुडाला. आणि मग टाकीवर हा हॉल बांधून फरशी घातली." त्यांचा आवाज एकदाही चिरकला नाही. "आता निघा सगळ्याजणी. एकेक जणी, भिंतीच्या कडेनं. पळू नका."

कुणी पळालं नाही. मला आजही त्याचं नवल वाटतं. एवढ्या बायका भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून, एकीमागून एक बाहेर आल्या. बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

हॉल रिकामा झाला. दारातून, खिडक्यांतून सगळं गाव आण्णांकडे बघत होतं. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"वेड लागलंय हिला," ते म्हणाले. "पोकळ म्हणे! ही बघा, ही बघा पोकळ जमीन!"

ते हॉलच्या मध्यावर चालत गेले आणि त्यांनी टाच आपटली. एकदा. पुन्हा.

मोठा आवाज झाला नाही. चार फरशा आत झुकल्या, मधली गडप झाली आणि आण्णा कमरेपर्यंत खाली गेले. मग छातीपर्यंत. हात पसरून त्यांनी दोन्हीकडचे काठ धरले. भोकातून जो वास वर आला त्यानं दारातल्या बायका मागे हटल्या. आण्णांचे फक्त डोळे फिरत होते.

गलका ऐकून आलेला शेजारचा तरुण डॉक्टर बूट काढून आत धावला. तोवर घराला वळसा घालून पुढे आलेल्या माईंनी त्याच्या शर्टाला धरून मागे खेचलं. "कुणी जायचं नाही! एकामागे दुसरा जातो, मग तिसरा!"

नेमक्या त्याच वेळी शाहीनची गाडी फाटकात येऊन थांबली. आत काय झालंय हे तिला सांगावं लागलं नाही. "सगळ्या खिडक्या उघडा! शिडी आणा, लांब!" अल्ताफनं आमचीच शिडी भिंतीपासून आडवी सरकवून भोकावर टाकली, नाकातोंडाला मुखवटा लावला आणि पोटावर सरपटत जाऊन आण्णांच्या काखेतून दोर घातला. दुसरं टोक शाहीननं बाहेर फेकलं. ते धरायला डॉक्टरखेरीज पुरुषमाणसं होती कुठं? नथी घातलेल्या, काष्टे मारलेल्या, फुगड्या खेळायला आलेल्या त्या बायांनीच दोर धरला. माझी आई सगळ्यांत पुढे होती.

आण्णा बाहेर निघाले तेव्हा शुद्धीवर नव्हते. मांडीचं हाड मोडलं होतं. श्वास चालू होता.

पुढे पोलीस आले, जबाब झाले, जुना कंत्राटदार कधीच मेलाय हे कळलं, आण्णा कुबड्या घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढले. हृषीकेश कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता, आणि मग एका संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसला. ते सगळं नंतरचं. त्याआधी, मंगळागौरीच्या तिसऱ्याच दिवशी माई दवाखान्यात आण्णांच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"मी शेवंताकडे चाललेय," त्या म्हणाल्या.

शेवंता म्हणजे धर्माची बायको.

"तू कुठंही जाणार नाहीस." आण्णांचा आवाज खरखरत होता, पण हुकूम तोच.

माईंनी त्यांचं पांघरूण नीट केलं, पाण्याचा ग्लास हाताशी ठेवला आणि मला म्हणाल्या, "चल."

गावाबाहेरच्या वस्तीत पत्र्याच्या छपराच्या घरापुढे एक बाई तांदूळ पाखडत बसली होती. केस पांढरे, अंगानं काटक. माईंना पाहताच ती उठली. "बाईसाहेब? तुम्ही हिकडं? बसा की." तिनं सूप बाजूला ठेवून सतरंजी आणायला आत वळायला घेतलं.

"शेवंता, बसायला नाही आले. ऐक आधी." हॉलच्या उंबऱ्यावर माईंचा जो आवाज निघाला होता तो इथे निघेना. अडखळत, थांबत, पण त्यांनी सगळं सांगितलं. झाकणाचं, साहेबांच्या जेवणाचं, जीपचं, नदीचं. त्यांनी त्या दिवशी सकाळीच धर्माला चहा दिला होता, आणि तो पूर्ण शुद्धीत होता, हेही सांगितलं. "मी खिडकीतून बघत होते आणि गप्प बसले. आजवर गप्प बसले."

शेवंता उभीच होती. मला वाटलं ती ओरडेल, अंगावर धावून येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. तिनं फक्त दाराच्या चौकटीला हात लावला.

"म्हंजी दारू प्याले न्हवते," ती म्हणाली.

"नाही."

"मी सांगत हुते. समद्यांना सांगत हुते, माळकरी मानूस हाय, थेंबाला शिवत न्हाई. कोन ऐकतंय? पोराला साळंत बेवड्याचं पोर म्हनायचे. सोयरीक जमंना लेकीची. बेवड्याची लेक."

माईंनी वाकून तिच्या पायांना हात लावायला घेतला, पण शेवंतानं पाय मागे घेतले.

"ते नगो," ती म्हणाली, आणि आत तोंड करून तिनं हाक मारली. "विलास! सुनबाई! भाईर या. पोरास्नी पन घेऊन या." मग ती अंगणात चार पावलं पुढे आली, शेजारच्या घरांकडे वळून आणखी मोठ्यानं हाका मारायला लागली. "ए रुक्मा! ए तानीबाई! या गं समद्या! या हितं!"

दारं उघडली. बायका, म्हातारे, पोरंसोरं अंगणात गोळा झाली. तिचा मुलगा दारात येऊन उभा राहिला, थोराड, मिशा पिकायला लागलेला. काय चाललंय ते त्याला कळेना.

शेवंतानं डोळ्यांना पदर लावला नाही. ती माईंच्या समोर येऊन उभी राहिली.

"आता परत सांगा," ती म्हणाली. "पयल्यापासनं सांगा. मोठ्यानं."